डाव्या हाताचं बोट

थंडी पडली की एकलहऱ्याच्या आमच्या कॉलनीत पॉवर हाऊसच्या चिमण्यांचा धूर वर जायचाच कंटाळा करतो. आडवा पसरतो, नदीवरच्या धुक्यात मिसळतो, आणि सकाळी नऊ वाजेपर्यंत समोरच्या बिल्डिंगीच्या जिन्यात कोण उभं आहे तेही ओळखू येत नाही. लोकांना ही थंडी फार आवडते. हुरडा काय, शेकोटी काय, नवीन स्वेटर काय. आवडो बापडी. मला या दिवसांत एक वास येतो, तव्यावर तंबाखू भाजल्याचा. आसपास कुणी भाजत नसलं तरी येतो. आमच्याकडे तर कुणी मशेरी लावतच नाही, पण मार्गशीर्ष लागला की मी दोन-चार वेळा तरी खिडकी उघडून बाहेर वाकून बघतेच.

यंदा वासाच्या आधी लिफाफा आला. नाशिकरोडच्या ज्या शाळेत मी दोन वर्षांपासून शिकवते, तिथल्या शिपायानं भर तासाला वर्गात येऊन तो माझ्या हातात ठेवला आणि रजिस्टरवर सही घेतली. निवडणुकीची ड्यूटी. स्टाफरूममध्ये सगळ्यांनी मला धीर दिला. "अगं, नवीन मुलींना सोपंच काम देतात. शाई तर लावायची! हाय काय नि नाय काय." मी हसले. हसावं लागतंच.

घरी आले तेव्हा आई भाकऱ्या थापत होती. मी उभ्या उभ्याच हुकूम वाचून दाखवला. मतदाराच्या डाव्या हाताच्या तर्जनीस शाई लावणे. परातीत फिरणारा तिचा हात थांबला. अगदी क्षणभर, दुसऱ्या कुणाला कळलंही नसतं. मग भाकरी पुन्हा फिरायला लागली. "तू लावणार होय," ती म्हणाली. "बरं. स्वेटर ने. आणि जाड मोजे ने." तिचं डाव्या हाताचं पहिलं बोट पिठाला न लागता वर राहतं. त्या बोटाला नख आहे म्हटलं तर आहे, अर्धंमुर्धं, वाकडं, पिवळट. बारा-तेरा वर्षं मी ते बोट रोज बघतेय आणि रोज नजर दुसरीकडे वळवतेय.

तेव्हा मी पाचवीत होते. आमचं गाव सायखेड्याच्या अलीकडे, गोदावरीच्या काठाला. वडील इथे पॉवर हाऊसला शिफ्टमध्ये होते, त्यांच्या खोलीत आणखी तिघं राहायचे, त्यामुळे आई आणि मी गावाकडे अण्णांच्या घरी. अण्णा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. त्यांची बायको ती काकी. अण्णा वाईट होते असं मी अजूनही म्हणू शकत नाही. लासलगावला कांदा घेऊन गेले की माझ्यासाठी रेवड्यांचा पुडा आणायचेच आणि तो काकीच्या हातात न देता माझ्याच हातात द्यायचे. मला जवळ बसवून पेपर वाचायला लावायचे. चारचौघांत सांगायचे, "आमची शोभी खोटं बोलत नाय. एक वेळ मार खाईल, पण खोटं बोलणार नाय." मी फुगून जायचे. पुढे हेच कौतुक माझ्या गळ्याशी येणार होतं, ते तेव्हा कुठे ठाऊक होतं!

गावाच्या नदीकडच्या अंगाला बाभळीचं एक बन होतं. त्याला नाव नव्हतं. बायका नुसतं 'तिकडं' म्हणायच्या. "तिकडं जाऊन येते," एवढंच. पहाटे आणि दिवेलागणीला हातात डबा घेऊन दोघी-तिघी निघायच्या, आणि त्या वेळी कुणी पुरुष माणूस त्या बाजूला चुकूनही फिरकायचा नाही. हा नियम कुणी केला होता कोण जाणे, पण सगळे पाळत होते. बायकांची सगळी बोलणी तिथे व्हायची. कुणाला दिवस गेले, कुणाला नवऱ्यानं मारलं, कुणाची पोर माहेरी परत आली. घरात बोलायची सोय नव्हती, ती तिथे होती.

त्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला तात्यांनी ते बन तोडायला घेतलं. तात्या म्हणजे आमच्या गावचा शेवटचा शब्द. सरपंच ते असोत नसोत, शब्द त्यांचा. तिथे त्यांना वीटभट्टी घालायची होती. एका अंगाच्या बाभळी आडव्या झाल्या, मातीचे ढीग पडले, भट्टीवरचे गडी तिथेच पालं टाकून राहिले. मग बायकांनी जायचं कुठे? राहिला तो रस्ता, लासलगावकडे जाणारा. रस्त्याच्या कडेला चारीत बसायचं आणि गाडीचा उजेड आला की उठून उभं राहायचं. मी आईबरोबर जायचे. उजेड लांबून यायचा, आम्ही सगळ्या ओळीनं उभ्या राहायचो, पदर तोंडावर ओढून, रस्त्याकडे पाठ करून. ट्रक निघून गेला की परत बसायचं. एकदा ट्रक निघून गेलाच नाही. पुढे जाऊन थांबला. त्याचे लाल दिवे नुसते जळत राहिले, आणि आतून कुणीतरी हसलं. आम्ही डबे तिथेच टाकून पळालो. पुन्हा आठ दिवसांनी तसाच एक थांबला. त्यानंतर आई दुपारनंतर पाणीच प्यायची नाही, आणि मलाही पिऊ द्यायची नाही.

आता हे गावकीत बोलणार कोण? आणि कुठल्या शब्दांत बोलणार? देवळासमोर पारावर बसलेल्या माणसांपुढे जाऊन काय सांगायचं? नवऱ्याला सांगायला लाज, दिराला सांगायची तर गोष्टच सोडा. थंडी वाढत होती, पहाटे गवतावर पांढरं पडायचं, आणि बायका गप्प होत्या. मी लहान होते, पण घरात काहीतरी साचत चाललंय हे मला कळत होतं. भांडी जोरात आपटली जायची. काकी म्हशीवरसुद्धा खेकसायची.

अशात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. आमच्या वॉर्डात बाईची एक जागा होती आणि त्या जागेवर वर्षानुवर्षं तात्यांची बायको बिनविरोध निवडून यायची. मीटिंगला ती कधी गेली नाही. शिपाई रजिस्टर घेऊन घरी जायचा, ती चुलीपुढून उठून सही करायची, की झालं. त्या वर्षी सरूमामीनं फॉर्म भरला. सरूमामी गावची सुईण. अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलेलं, मीसुद्धा. आधी सगळे हसले. पारावर तर दोन दिवस तिच्या नावानं खिंकाळणं चाललं होतं. फॉर्म परत घ्यायचा दिवस उलटला, तिनं काही तो घेतला नाही, आणि मग हसणं थांबलं.

एका संध्याकाळी अण्णा गावकीतून आले आणि जेवायला बसले. माझे मोठे काका, पण आईशी थेट बोलायचे नाहीत. लहान भावाच्या बायकोशी मोठ्या दिरानं तोंड वर करून बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. आई त्यांच्यासमोर यायची नाही. ताट वाढायची ती काकी. आईला काही सांगायचं असलं की अण्णा मला सांगायचे, आणि आई दाराआडून ऐकायची. त्या दिवशीही त्यांनी माझ्याकडे बघूनच सांगितलं.

"शोभे, आईला सांग. मतदानाच्या दिवशी आपल्या घरच्या बाया शाळेकडं जाणार नाय. गावकीत ठरलंय. सगळ्याच घरच्या." मग काकीकडे बघून म्हणाले, "तुला पण सांगतोय. संध्याकाळी मी बोटं बघणार हाय. जिच्या बोटाला शाई दिसंल तिनं माहेरची वाट धरायची. पोरं इथंच राहतील."

काकी म्हणाली, "एवढं काय झालं त्यात? मत तर हाय."

"तात्यांच्या पाइपलाइनीवर आपला कांदा पितो. कळतं का काही? चार दिवस पाणी तोडलं तर काय खाशील?"

पोरं इथंच राहतील. घरात पोर मी एकटीच होते, काकीची लेक सासरी होती. मी दाराकडे बघितलं. दाराआड आईच्या लुगड्याचा काठ दिसत होता, हलत नव्हता. त्या रात्री मी तिच्या पदराचं टोक मुठीत धरून झोपले. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती.

दिवस कांदा लागणीचे. रानात वाफे भिजवलेले, पाणी असं गार की पाय टाकला की हाडापर्यंत कळ जायची. बायका ओळीनं उकिडव्या बसायच्या, डाव्या हातात रोपांची जुडी, उजव्या हाताच्या बोटानं चिखलात भोक पाडायचं, रोप खोचायचं, पुढे सरकायचं. दिवसभर. पुरुष लांब बांधावर, पाण्याची दारं धरायला. मी शाळा सुटली की डोक्यावर पाण्याची कळशी घेऊन जायचे आणि तिथेच घुटमळायचे. तिथे मी ते बोलणं ऐकलं. मान कुणीच वर करत नव्हतं. चिखलाशी बोलल्यासारख्या बोलत होत्या.

"शाई घासून जाती का गं?"

"नाय जात. मागच्या टायमाला दगडानं घासली, राखंनं घासली. लय दिवस राहिली."

"मग झालंच."

जुडीतलं पुढचं रोप खोचत काकी म्हणाली, "मशेरी कशानं लावतेस तू?"

"बोटानं. अजून कशानं?"

"मग बोट काळं राहतं ना तुझं?"

ओळीतल्या दोघी-तिघींनी आपापलं बोट चिखलातून काढून बघितलं. मग एक जण फिसकन हसली, मग दुसरी. गावातल्या झाडून साऱ्या बायका मशेरी लावणाऱ्या. तव्यावर तंबाखू जाळायची, चुरायची, डबीत भरायची, आणि दिवसातून तीनदा दात घासत बसायचं. काळ्या बोटावर शाई कोण शोधणार?

"सुमन नाय लावत," कुणीतरी म्हणालं. सुमन म्हणजे आई. ती नाशिकची, शिकलेल्या घरातली, तिला मशेरीच्या वासानंही मळमळायचं.

"एक दिस लावंल," काकी म्हणाली. "लावशील ना गं?"

आईनं मान हलवली. हो की नाही, ते मला नीटसं कळलं नाही.

मतदानाच्या दिवशी माझी शाळाच बूथ झाली होती, म्हणून मला सुट्टी. सकाळी सगळे पुरुष मतं टाकून आले. दुपारी तात्यांच्या मळ्यात जेवणावळ होती, रस्सा आणि बाजरीच्या भाकरी. अख्खं गाव तिकडे लोटलं. बूथच्या आत बसलेला तात्यांचा माणूससुद्धा, बाया काही येत नाहीत म्हणून, जेवायला निघून गेला. मला आठवतं, गल्लीत कुत्रं भुंकत नव्हतं. आणि मग रानातून बायका आल्या. बांधाबांधानं, मागच्या बाजूनं, चिखलाच्या पायांनी. मी आईचं बोट धरून गेले, डाव्याच हाताचं.

माझाच वर्ग होता तो. भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा, खाली बाक ओढून टेबल केलेलं. परगावचा एक मास्तर शाई लावायला बसला होता. बायकांची रांग बघून तो गडबडलाच. एकेकीचं बोट हातात घेऊन फडक्यानं चिखल पुसायचा, मग काडी बुडवून शाई. फडकं काळंभोर झालं, त्यानं ते उलटं केलं, दुसरी बाजूही काळी झाली. आईचा हात थरथरत होता. तो मास्तर म्हणाला, "ताई, हात स्थिर ठेवा. भिऊ नका." आई म्हणाली, "थंडी आहे." मग ती पुठ्ठ्याच्या आडोशाला गेली. बादली हे सरूमामीचं चिन्ह. शिक्का किती जोरात मारला असेल, मला बाहेर आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा मला अनोळखी वाटला. आनंद नव्हता त्यावर. आता परत फिरायची सोय उरली नाही, असा काहीसा तो चेहरा होता.

दिवस कलायला लागला आणि गावावर तो वास पसरला. घराघरात तवे चढले होते. तंबाखू जळत होती. एरवी एखाद्या घरातून यायचा तो वास, त्या दिवशी सगळ्या गल्लीतून एकदम. डोळे चुरचुरायला लागले. काकीनं आईच्या तळहातावर चिमूटभर ताजी मशेरी ठेवली. आईनं बोट दाताला लावलं मात्र, आणि मोरीवर धावली. पुन्हा लावली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ती नुसती भिंतीला टेकून बसली. काकीला म्हणाली, "राहू दे, अक्का. मला नाही जमणार." तिनं बोट धुतलं. चिखल गेला, मशेरी गेली, आणि नखावरची जांभळट काळी रेघ लख्ख उरली.

तोवर अण्णा आले. बायकांच्या चिठ्ठ्या पेटीत पडल्या, आणि बऱ्याच पडल्या, ही बातमी बूथवरून मळ्यात पोचली होती. कोण कोण गेल्या होत्या, तेवढं कळलं नव्हतं. अण्णा ओसरीवर बसले. काकी अंगणात मशेरी लावत बसली होती, अगदी निवांत. ते तिच्याकडे बघत राहिले. मीही बघत होते. आणि मला एकदम काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, पण काय ते कळेना. अण्णांना कळलं.

"डावखुरी कधी झालीस?"

जन्मभर बायका मशेरी डाव्या तळहातावर घेतात आणि उजव्या हाताच्या बोटानं लावतात. शाई असते डाव्या हाताला. एवढ्या साऱ्या बायकांनी मिळून डोकं लावलं, आणि ही गोष्ट एकीच्याही ध्यानात आली नव्हती. आयत्या वेळी तेवढं डावं बोट काळं करायला घेतलं होतं, झालं.

काकीनं बोट तोंडातून काढलं नाही. तशीच म्हणाली, "उजवं दुखतंय. रोपं खोचून खोचून."

अण्णा उठून फाटकापाशी गेले. समोरच्या दारात समोरची बसली होती, डाव्या हातानं मशेरी लावत. तिच्या शेजारची, डाव्या हातानं. पलीकडची म्हातारी, तीही. गल्लीभर बायका आपापल्या उंबऱ्यावर बसून डाव्या बोटानं दात घासत होत्या आणि कुणीही कुणाकडे बघत नव्हतं. अण्णा फाटक धरून उभे राहिले. त्यांची पाठ मला दिसत होती. कुणाकुणाला माहेरी धाडणार? धाडलं तर उद्या चूल कोण पेटवणार, कांदा कोण लावणार? ते वळले तेव्हा त्यांचा चेहरा बघून मला भीती वाटली. रागाला जागा मिळाली नाही की माणूस भयंकर दिसतो.

"शोभे," ते म्हणाले. "तुझी आई मशेरी लावत नाय ना?"

"नाही."

"मग जा. तिचं बोट बघून ये आणि मला सांग."

स्वतः आत जाऊन भावजयीचा हात बघायचा, ते रीतीत बसत नव्हतं. म्हणून मी. खोटं न बोलणारी मी. ओसरीपासून चुलीपर्यंत किती पावलं? दहा असतील. ती मी कशी चालले ते मला आठवत नाही. एवढंच आठवतं की मी मनात घोकत होते, नाही म्हणायचं, शाई नाही म्हणायचं, आणि आतापासूनच माझे कान तापले होते.

आईनं सगळं ऐकलं होतं. चुलीवर तवा होता, भाकरी वर होती. तिनं माझ्याकडे बघितलं. मी रडायच्या बेतात होते, ते तिला दिसलं असणार. तिनं भाकरी उजव्या हातानं तव्यावरच एका कडेला सरकवली, आणि डाव्या हाताचं पहिलं बोट तव्यावर टेकवलं. लगेच उचललं नाही. माझ्याकडे बघत राहिली. चर्र असा बारीक आवाज झाला आणि मशेरीच्या वासात दुसरा एक वास मिसळला. मग हात उचलून म्हणाली, "जा. सांग, आईचं बोट भाजलंय."

मी बाहेर आले आणि सांगितलं. "आईचं बोट भाजलंय." खरंच होतं ते. माझा आवाजसुद्धा कापला नाही.

अण्णा माझ्याकडे बघत राहिले. त्यांना सगळं समजलं होतं, याची मला तेव्हाही खात्री होती आणि आजही आहे. मग म्हणाले, "दप्तरातली दौत आण तुझी. भाजल्यावर शाई लावतात, आग कमी होती. जा, लाव आईला."

आमच्याकडे भाजल्यावर शाई लावायचेच. तो उपाय होता, शिक्षा होती, की माफी होती? मी अजून ठरवू शकले नाही. मी दौत आणली, कापसाचा बोळा बुडवला आणि आईच्या त्या बोटाला शाई लावली. नखावर, कातडीवर, सगळीकडे. बोट निळंभोर झालं. आई एकदाही हाय म्हणाली नाही. फक्त म्हणाली, "सांडू नको. डाग जात नाहीत."

सरूमामी निवडून आली. थोडक्यात आली, पण आली. पहिल्याच मीटिंगला ती खुर्चीवर बसली आणि सगळ्या पुरुषांसमोर, जे कुणालाच बोलता येत नव्हतं ते धडधडीत शब्दांत बोलली. माणसांनी माना खाली घातल्या म्हणे. भट्टी नदीच्या वरच्या अंगाला हलली. उरलेल्या बाभळी उरल्या. एवढंच झालं. मतानं आमच्या गावच्या बायकांचं काय बदललं असं कुणी मला विचारलं, तर मी एवढंच सांगेन की आई दुपारनंतर पाणी प्यायला लागली. कुणाला हे क्षुल्लक वाटेल. वाटू दे. त्यांच्यावर कधी ट्रकचा उजेड पडलेला नसतो.

आणि त्याची किंमत? सरूमामीला वर्षभर कुणी बाळंतपणाला बोलावलं नाही, अगदीच अडलं तर मागच्या दारानं. आमच्या वाफ्यांना पाण्याची पाळी उशिरा उशिरा यायला लागली आणि अण्णा घरात बोलेनासे झाले. रेवड्यांचा पुडा यायचा, पण काकीच्या हातात. वडील सुट्टीला आले, त्यांनी आईचं बोट बघितलं, "काय झालं?" विचारलं, ती म्हणाली, "चटका." ते बराच वेळ अण्णांकडे बघत होते. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी कॉलनीत क्वार्टर मिळवलं आणि आम्ही इकडे आलो.

यंदाच्या ड्यूटीच्या ट्रेनिंगला एक साहेब आले होते. खडूनं फळ्यावर बोट काढून दाखवत होते. "शाई अशी लावायची, नखावर आणि कातडीवर, दोन्हीकडे. बाया बोटाला तेल लावून येतात, फडकं जवळ ठेवा. डाव्या हाताची तर्जनी नसेल तर पुढचं बोट." मागून कुणीतरी म्हणालं, "आणि साहेब, बोट असेल पण नखच नसेल तर?" सगळा हॉल हसला. साहेबही हसले. शेजारी बसलेल्या, आमच्याच शाळेतल्या जोशीबाईंनी मला कोपर मारलं, "अगं, हस की!"

त्या रात्री जेवताना मी आईला विचारलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. "का गं केलंस तसं? मी नाही म्हणून सांगितलं असतं."

"तू सांगितलं असतंस, पण ते तुझ्या तोंडावर दिसलं असतं," ती म्हणाली. "तुझ्या तोंडावर सगळं दिसतं. आणि दहा वर्षांच्या पोरीला माझ्यासाठी खोटं बोलायला लावायचं होय?" मग माझ्या ताटात भाकरी वाढत म्हणाली, "ती भाकरी मात्र करपली. तिचं वाईट वाटलं मला."

मला आणि जोशीबाईंना मिळालेलं गाव निफाडच्या बाजूचं. नाव सांगत नाही. बायकांची रांग वेगळी होती. सकाळपासून मी बोटं हातात घेत होते. गार, फुटलेली, भेगाळलेली, मशेरीनं काळी पडलेली. फडकं मी दोनदा बदललं. लोकांना वाटतं आता काळ बदलला. मलाही दुपारपर्यंत वाटत होतं. बायका हसत होत्या, थट्टा करत होत्या, एकीनं तर मला मागणीसुद्धा घातली तिच्या भाच्यासाठी.

तीनच्या सुमाराला रांग संपली होती आणि एक जण एकटीच आली. विशीची असेल. हात कोपरापर्यंत चिखलानं माखलेले, नखात माती. कांदा लागणीवरून सरळ आलेली. मी तिचं बोट पुसलं आणि काडी बुडवली. तिनं बोट मागे घेतलं.

"बाई, ही किती दिस राहती?"

"बरेच दिवस."

"घासल्यावर?"

"नाही जात."

ती माझ्याकडे वाकली. तोंडावर पदर धरून, अगदी हळू म्हणाली, "कशानंच नाय जात?"

काडी माझ्या हातात होती. शाई टोकाशी जमून थेंब झाली होती. मला माहीत होतं कशानं जाते.

"कशानंच नाही," मी म्हणाले.

खोटं बोलले. आणि ते माझ्या तोंडावर दिसलं असणार, कारण ती माझ्याकडे बघतच राहिली. मग तिनं वळून दाराकडे बघितलं. दारात कुणी नव्हतं. तिनं डावा हात टेबलावर ठेवला, बोट सरळ केलं.

"लावा मंग," ती म्हणाली.

मी लावली. नखावर आणि कातडीवर, दोन्हीकडे, नियमाप्रमाणे. ती आडोशाला गेली, बाहेर आली, आणि बांधाच्या बाजूनं निघून गेली. तिचं नाव यादीत होतं, पण मी मुद्दामच वाचलं नाही.

साडेपाचला आम्ही पेटीला सील केलं. उजेड उतरत होता, शेतांवर धुकं धरायला लागलं होतं. शिपाई पेटी जीपमध्ये चढवत होता आणि मी शाईची बाटली कागदात गुंडाळत उभी होते. तेवढ्यात गावाकडून वारा आला. मी थांबले. दरवर्षीचंच आहे हे, मी स्वतःला समजावलं. तरी राहवलं नाही, जोशीबाईंना विचारलंच.

"कसला वास येतोय का हो तुम्हाला?"

त्यांनी नाकाला पदर लावला. "हो तर," त्या म्हणाल्या. "मशेरी भाजतायत ना. बाई गं, सगळ्या गावात एकदमच!"